गवत परतले, पाखरे परतली

पक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाड येते. झाड नसेल तर पाखरू राहील कुठे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु कित्येक पक्ष्यांना झाड नकोच असते. त्यांचे घर, पाळणा, कोठार सारे गवतातच असते. अशा पाखरांचे घर माणसाने कसे मोडले आणि माणसानेच ते पुन्हा कसे उभे केले, ती हकीकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात एके काळी कोट्यवधी एकरांवर पुरुषभर उंचीचे गवत डोलत असे. अशा माळाला तिकडे प्रेअरी म्हणतात. १८३७ साली जॉन डिअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनवला. चिवट मुळांची ती काळी जमीन भराभर उलथली जाऊ लागली. गवताच्या जागी मका आला, पुढे सोयाबीन आले. मूळ माळाचा हजारातला एक भागही उरला नाही. त्याच शतकात तेथील मूळ रहिवाशांनाही हुसकावण्यात आले. त्यांपैकी मेस्क्वाकी लोकांनी १८५७ साली पदरचे पैसे मोजून ८० एकर जमीन घेतली आणि ते आपल्या भूमीत परतले. पाखरांना मात्र जमीन विकत घेता येत नाही!

नांगर जिथे पोचला नाही तेवढेच गवत वाचले. रेल्वे रुळांच्या कडा, जुन्या दफनभूमींचे कोपरे, एखादा नापीक उतार. ज्या जागा कोणाच्याच हिशेबात नव्हत्या, त्यांनीच बी जपून ठेवले.

प्रेअरी सिटी या लहानशा गावाजवळ एका वीज कंपनीने अणुवीज केंद्रासाठी हजारो एकर जमीन घेऊन ठेवली होती. केंद्र काही झाले नाही. तेव्हा तेथील खासदार नील स्मिथ यांनी पुढाकार घेतला. १९९० साली अमेरिकन काँग्रेसने मंजुरी दिली आणि तेथे अभयारण्य उभे राहिले. आज ते स्मिथ यांच्याच नावाने ओळखले जाते. स्वयंसेवकांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून हाताने बी वेचले आणि मक्याच्या रानात पेरले. १९९६ साली तेथे बायसन हे रानबैलही आणून सोडले.

गवत आले, तशी पाखरेही आली. पिवळ्या छातीचा डिकसिसल दिवसभर जणू स्वतःचेच नाव घोकत असतो. काळ्या अंगाचा, पांढऱ्या पाठीचा बोबोलिंक दरवर्षी थेट दक्षिण अमेरिकेहून येतो. हेन्स्लोची चिमणी तर मोठी लाजाळू. चाहूल लागली की उडण्याऐवजी ती गवताच्या बुडातून उंदरासारखी पळते. तिला गेल्या साली वाळलेले गवत उभे लागते. इकडे झुडपे माजू नयेत म्हणून माळ अधूनमधून जाळावा लागतो. मग चिमणीने जावे कुठे? यासाठी सारा माळ एकदम न जाळता पाळीपाळीने एकेक तुकडा जाळतात. सर्वांना जागा मिळावी, असा हा हिशेब आहे.

अर्थात पेरलेल्या माळाला मूळ माळाची सर आलेली नाही. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांतले पक्षी १९७० पासून निम्म्याहून अधिक घटले आहेत. एका अभयारण्याने एवढी तूट भरून निघणार नाही. पण तूट भरता येते, हे तेथे दिसले.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे जाणे झाले, तर डी मॉइन शहरापासून हे ठिकाण सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मेअखेर वा जूनमध्ये, पहाटे जावे. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास कान आहेतच. गवतातले पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. नातवंडांना घेऊन पायवाटेवरूनच चालावे. कारण तेथे घरटी जमिनीवर असतात, आणि आपल्या एका चुकीच्या पावलाखाली कोणाचे तरी अख्खे घर असू शकते.