पाय आपटू नकोस

मंडळी, सत्तरी ओलांडलेली बाई ड्रमवर लिहायला बसली म्हणून हसू नका. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता व्याकरण सोडून बाईंना हे काय सुचलं, असं आमच्या घरातसुद्धा विचारून झालं आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे मुलाकडे पुण्याला होते आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या नातीच्या उजव्या पायाने जे काही शिकवलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

नात तेरा वर्षांची. दीड वर्षापासून ड्रम शिकते. ड्रमचा संच तुम्ही पाहिलाच असेल. समोर जमिनीवर आडवा ठेवलेला जो मोठा ढोल असतो तो बेस ड्रम. तो हाताने नाही, पायाने वाजवतात. पायाखाली एक पट्टी, तिला साखळी, साखळीच्या टोकाला फेल्टचा गोळा लावलेला दांडा. त्याला बीटर म्हणतात. पट्टी दाबली की बीटर ढोलावर आपटतो, सोडली की स्प्रिंग त्याला मागे ओढते. आपल्या गणपतीतल्या ढोल-ताशावाल्यांनी टिपरू पायाला बांधलं तर काय होईल, तसं समजा.

तर झालं असं, की मी गेले तेव्हा पोरीचं तोंड एवढंसं. पोटरी दुखते, मांडी भरून येते, आणि लागोपाठ दोन ठोके काही केल्या निघत नाहीत. क्लासमध्ये सांगितलं होतं, "पायात जोर नाही, जोर लाव." ती बिचारी लावत होती जोर. घरी सरावाला रबराचं पॅड आणि त्याला जोडलेलं पेडल आहे, त्यावर रोज संध्याकाळी धाड धाड धाड. खालच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा वर येऊन गेले होते. शेवटी पोरगी म्हणाली, "आजी, मला नाही जमणार, मी सोडते." चिरंजीवांनी तोडगा काढला तो असा, की दोन पायांनी वाजवायचं दुहेरी पेडल घेऊ, म्हणजे एका पायावर ताण येणार नाही. किंमत वीस हजारांच्या घरात!

मला पैशांचं नाही वाईट वाटलं. वाईट वाटलं ते "सोडते" या शब्दाचं. शाळेत हा शब्द फार ऐकलाय मी. गणित सोडते, चित्रकला सोडते. सोडणारं मूल आळशी असतं असं आम्ही शिक्षक बिनधास्त म्हणायचो.

मी ड्रमबद्दल काही म्हणजे काही जाणत नव्हते. पण पायमशीन मी वयाच्या बाराव्या वर्षापासून चालवते. त्यामुळे नात वाजवायला बसली तेव्हा मी आपली तिच्या पायाकडेच बघत बसले. आणि मला आईची आठवण झाली. आईने मला मशीनवर बसवलं तेव्हा पहिले आठ दिवस दोराच ओवू दिला नव्हता. नुसतं रिकामं मशीन चालवायचं, मग जुन्या कागदावर बिनदोऱ्याची टीप मारायची. मी पाय दाणदाण मारायचे, चाक उलटं फिरायचं. आई म्हणायची, "पाय आपटू नकोस. ते स्वतःहून वर येतं, त्याला येऊ दे." आणि मशीन जड जायला लागलं की ती माझा पाय बघायची नाही, आधी पट्टा बघायची. पट्टा फार ताणलेला असला की मशीन जड चालतं, सैल असला की चाकावरून निसटतो. मग तेलाचे दोन थेंब. तरीही जड गेलं तर माझी चूक.

आता नातीचं पेडल बघा. क्लासमधल्या संचावर पाच-सहा तुकड्या वाजवतात. कुणा कॉलेजच्या दांडगट मुलाने स्प्रिंग कचकचून आवळून ठेवलेली, आणि क्लासमध्ये जसं आहे तसंच घरी हवं म्हणून आमच्याकडेही तशीच आवळलेली. बसायला घरी प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल. त्यावर बसलं की पोरीचे गुडघे कमरेच्या वर जात. तुम्ही आत्ता जिथे बसला आहात तिथे एखाद्या पाटावर बसून बघा आणि पाय उचला. मांडी लगेच कुरकुरते. वर ती पेडलच्या इतकी जवळ सरकून बसायची की घोट्याला हलायला जागाच उरत नव्हती. मग जोर येणार कुठून? अख्खा पाय उचलून आपटण्यातून.

मी विचारलं, "ही स्प्रिंग सैल करता येते ना?"

ती म्हणाली, "येते, पण ते सरांनी लावलंय."

या वाक्यावर मी तीन दिवस विचार करत होते.

मग आम्ही दोघींनी मिळून अभ्यास केला. तिने व्हिडिओ लावायचे, इंग्रजी समजावून सांगायचं, मी वहीत लिहून घ्यायचं. (वहीला कव्हर घातलंय, हो!) आधी बैठक. कंबर गुडघ्यापेक्षा जराशी वर हवी, म्हणजे मांडी किंचित पुढे उतरती राहते. सूनबाईंच्या ड्रेसिंग टेबलाचं स्टूल नेमकं त्या उंचीचं निघालं. मग स्टूल थोडं मागे सरकवलं. डोळे मिटून पाय सहज खाली सोडायला सांगितला आणि तो जिथे पडला तिथे पेडल नेलं. पेडल नाकासमोर सरळ ठेवायचं नसतं, आपला पाय नैसर्गिक जसा तिरपा पडतो तसं तिरपं ठेवायचं. इथवर तर मला शिवणकामातलंच वाटलं.

स्प्रिंगची गोष्ट मात्र मजेची आहे. बीटर हाताने मागे ओढून सोडून द्यायचा आणि तो घड्याळाच्या लंबकासारखा किती वेळ हलतो ते पाहायचं. आमचा दोन-चार हेलकाव्यांतच थांबला. सांध्यात धूळ बसलेली. पुसून मशीनचंच तेल थेंबभर दिलं, तेव्हा कितीतरी वेळ डुलत राहिला. मग स्प्रिंग सोडत सोडत अशा ठिकाणी आणली, की पाय पट्टीवर नुसता विसावला तर स्प्रिंगने त्याचा भार पेलावा, आणि किंचित दाबलं की बीटर निघावा. फार सैल केली तर बीटर परत यायला आळस करतो आणि पाय उचलायचं काम नडगीच्या पुढच्या स्नायूवर पडतो. तेही दुखणंच. म्हणजे मधला मार्ग. बीटर मागे किती कलावा हेही ठरवता येतं. साधारण पंचेचाळीस अंश पुष्कळ झाले. जास्त मागे नेला तर आवाज मोठा निघतो, पण पायाला तेवढं अंतर जास्त चालावं लागतं. दांडा उंच केला तर ठोका वजनदार पण सुस्त, आखूड केला तर चपळ पण हलका. एवढी सगळी सोय त्या वीतभर यंत्रात करून ठेवलेली, आणि पोरीने दीड वर्षात एका स्क्रूला हात लावला नव्हता.

हे यंत्र आलं कुठून तेही वाचलं. पूर्वी एकच वादक दोन्ही ढोल जवळजवळ ठेवून हातानेच दोन्ही बडवायचा. मग पायाची पेडलं निघाली, पण अवजड. शिकागोतल्या विल्यम लुडविग नावाच्या ड्रमरला रॅगटाइमच्या जलद चालीत ती पुरेनात. त्याने आपल्या पायाला दोष दिला नाही. स्वतःच नवं पेडल बनवलं, ते इतरांनाही आवडलं, आणि १९०९ साली भावाला घेऊन त्याने त्याचा कारखाना काढला. त्याच लुडविगचं १९३७ सालचं 'स्पीड किंग' नावाचं पेडल पुढे लेड झेपेलिन या इंग्लिश बँडचा जॉन बॉनम वापरायचा. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' या १९६९च्या गाण्यात त्याचा उजवा पाय जे काही करतो, ते ऐकून लोकांना दोन पेडलं आहेत असं वाटायचं. होतं एकच. नातीने ऐकवलं. माझ्या कानाला सगळा गोंधळच वाटला, खोटं कशाला बोलू? पण १९७०च्या त्यांच्या एका संथ गाण्यात पेडलची करकर चक्क रेकॉर्डमध्ये ऐकू येते, ती मात्र मला लगेच ओळखता आली. तेल घातलं नव्हतं, दुसरं काय!

तंत्राचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझा अधिकार नाही. दोन मुख्य पद्धती. टाच पट्टीवर टेकलेली ठेवून घोट्याने वाजवायचं, त्यात आवाज नाजूक. किंवा टाच उचलून चवड्यावर वाजवायचं, मांडीचं वजन सोडायचं, त्यात आवाज भरीव. जॅझवाले टाच टेकवून इतकं हळू वाजवतात म्हणे, की ठोका ऐकू येण्याऐवजी जाणवतो. आमची नात टाच उचलायची ते बरोबरच होतं, पण ठोका मारल्यावर बीटर ढोलाच्या कातड्यात तसाच दाबून धरायची. मला एकदम वहीत पेन्सिल दाबून लिहिणारी मुलं आठवली, ज्यांचं अक्षर पुढच्या चार पानांवर उमटतं आणि ज्यांचा पेपर कधी पुरा होत नाही. बीटर दाबून धरणं ही चूक नाही, कोरडा बंद आवाज हवा असेल तर मुद्दाम तसं करतात. पण दाबून धरला की तो परत येत नाही, मग दुसरा ठोका कुठून निघणार? पहिला ठोका दिला की पाय पट्टीवर जरासा पुढे सरकवायचा आणि त्या सरकण्यातच दुसरा ठोका काढायचा, अशी एक युक्ती आहे. ती जमायला महिने लागतात. पण बीटर मोकळा सोडल्याशिवाय ती सुरूच होत नाही.

आता माझं मत, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी मुलाच्या हातात काठ्या देण्याआधी ड्रमची चावी द्यावी. (ड्रमला खरंच चावी असते, स्क्रू फिरवायची.) स्प्रिंग पूर्ण आवळायला सांगावी, वाजवून बघायला सांगावं. मग पूर्ण सोडायला सांगावी, पुन्हा वाजवून बघायला सांगावं. पंधरा मिनिटांचं काम. एका तासाला सहा मुलं असतात, प्रत्येकाचं स्टूल कुठे खालीवर करत बसायचं, ही अडचण मला मान्य आहे. मीही साठ मुलांच्या वर्गावर शिकवलंय. पण मग "जोर लाव" हे तरी म्हणू नये. ते ऐकणारं मूल यंत्राकडे बघायचं सोडून स्वतःलाच नालायक ठरवतं.

हे मी कुणाला बोल लावायला लिहीत नाही. माझ्याच वर्गात पाचवीत एक बुटका मुलगा होता. अक्षर भयंकर. वर्षभर मी त्याच्या वहीत लाल शाईने 'अक्षर सुधारा' लिहिलं. वार्षिक परीक्षेला पर्यवेक्षण करताना माझा रुमाल खाली पडला, तो उचलायला वाकले तेव्हा दिसलं, की त्याचे पाय जमिनीला टेकतच नव्हते. पाचवी आणि दहावीला बाकं एकाच मापाची. छातीपर्यंत येणाऱ्या डेस्कवर खांदा वर करून तो लिहीत होता. परीक्षा संपली, मुलाच्या वडिलांची बदली झाली. पायाखाली एखादी पेटी ठेव, एवढंसुद्धा सांगायचं राहून गेलं.

चिरंजीवांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही. हल्लीच्या काही जोरकस संगीताला दुहेरी पेडल लागतंच, लुई बेलसन हा अमेरिकन वादक तर दोन-दोन बेस ड्रम वापरायचा. नातीला पुढे तसलं वाजवायचं असेल तर जरूर घ्यावं, मीही हातभार लावेन. पण दुखऱ्या पायावर उपाय म्हणून? उजवा पाय जे चुकीचं करतो तेच डावाही शिकेल, एवढंच होईल. तूर्त खरेदी लांबणीवर आहे. त्याऐवजी उंची कमी-जास्त होणारं स्टूल आलं.

आठवडाभर पायाला पूर्ण विश्रांती दिली. मग मेट्रोनोम ६० वर लावून रोज पंधराच मिनिटं, चार मात्रांत एक ठोका, सगळे सारख्या आवाजाचे. तिला कंटाळा यायचा, पण कागदावरच्या बिनदोऱ्याच्या टिपेची गोष्ट सांगितली तेव्हा हसली. एका दुपारी ती शाळेत गेलेली असताना मीही बसून पाहिलं. गुडघ्याचं दुखणं जुनं असूनही पाय त्या पट्टीवर छान विसावला. एक ठोका वाजवला आणि कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

मी निघायच्या आदल्या दिवशी खालचे आजोबा जिन्यात भेटले. म्हणाले, "नात गावाला गेलीय का हो? आवाज नाही तो?" मी म्हटलं, "नाही हो, आत्ताच तर वाजवत होती."

काल फोन आला होता. मेट्रोनोम ७२ वर नेलाय. पोटरी दुखत नाही. दोन ठोक्यांतला दुसरा अजून दबका येतो म्हणे. आणि क्लासमध्ये ती आता तासाच्या आधी पाच मिनिटं जाते, स्टूल आणि स्प्रिंग आपल्या मापाची लावून घेते, आणि जाताना होती तशी करून ठेवते.