विश्लेषण : दोन्हीकडे एकच योद्धा, मग जिंकतो कोण? ‘मिरर मॅच’ला नावे का ठेवली जातात?

पडद्याच्या डाव्या बाजूला जो योद्धा, तोच उजव्या बाजूलाही. तीच ताकद, तेच डाव, तोच वेग. फरक फक्त कपड्यांच्या रंगाचा. फायटिंग व्हिडीओ गेममधील अशा लढतीला ‘मिरर मॅच’ म्हणतात. अनेक प्रेक्षकांना ती रटाळ वाटते आणि मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती आली तर खेळाडूंची हुर्योही उडवली जाते. प्रत्यक्षात खेळाडूचे कसब निखळपणे जोखणारी याहून चांगली लढत नाही. मात्र अशा लढतींचा सुकाळ झाला, तर तो गेम आजारी असल्याचे लक्षण असते. या दोन गोष्टींची गल्लत कशी होते आणि तिची शिक्षा खेळाडूंना का मिळते, याविषयी…

मिरर मॅचची सुरुवात कशी झाली?

१९९१ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ आर्केडमध्ये आला, तेव्हा त्यात आठ योद्धे निवडता येत होते. पण एकाने र्‍यू निवडला की दुसर्‍याला तो मिळत नसे. नाणे टाकून समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघांत आवडता योद्धा आधी कोण पटकावतो, इथूनच चुरस सुरू होई. पुढच्या वर्षी आलेल्या ‘चॅम्पियन एडिशन’ने ही अट काढली. दोघांना एकच योद्धा घेता येऊ लागला आणि ओळख पटावी म्हणून दुसर्‍याला वेगळा रंग मिळाला. त्याच वर्षीच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये तर संगणकाविरुद्ध खेळताना स्वतःच्याच प्रतिरूपाशी लढण्याचा टप्पा ठेवलेला होता आणि त्याचे नावच ‘मिरर मॅच’ होते. जपानमध्ये अशा लढतीला ‘दोक्यारा’, म्हणजे ‘तेच पात्र’ म्हणतात. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ खेळणारे तिला ‘डिट्टो’ म्हणतात. समोरच्याचे रूप घेणार्‍या एका पोकेमॉनचेही हेच नाव आहे.

ही लढत न्याय्य का मानतात?

फायटिंग गेममध्ये कोणतेही दोन योद्धे सारखे नसतात. एकाचा पल्ला लांब, दुसर्‍याचे फटके जड, तिसरा चपळ. त्यामुळे खेळाडू जोड्यांचा हिशेब दहाच्या मापात मांडतात. ‘सहा-चार’ म्हणजे तुल्यबळ खेळाडूंनी दहा सामने खेळले, तर एक योद्धा साधारण सहा जिंकेल. ‘सात-तीन’ म्हणजे हरणार्‍याला आधीच चढण चढायची आहे. मिरर मॅचमध्ये हा आकडा नेहमी ‘पाच-पाच’च असतो. ‘माझा योद्धाच कमजोर होता’ ही पळवाट तिथे बंद होते.

म्हणूनच मिरर मॅच हा अनेकदा डावपेचाचा भाग असतो. बहुतेक स्पर्धांमध्ये जिंकलेल्या खेळाडूला तोच योद्धा पुढच्या सामन्यात ठेवावा लागतो आणि हरलेल्याला बदलण्याची मुभा असते. समोरच्या योद्ध्यावर उतारा सापडत नसेल, तर तोच योद्धा उचलून लढत समान पातळीवर आणणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

सगळे समान असेल, तर निकाल कशाने लागतो?

निकाल लागतो तो समोरच्याचे मन वाचण्याने. जपानी खेळाडू याला ‘योमी’ म्हणतात. बहुतेक फायटिंग गेममध्ये पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात आणि प्रत्येक डावाची लांबी याच चित्रांत, म्हणजे ‘फ्रेम’मध्ये मोजली जाते. २०२३ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये प्रतिस्पर्ध्याला पकडून फेकण्याचा डाव, म्हणजे ‘थ्रो’, पाच फ्रेममध्ये लागू होतो. हा काळ सेकंदाचा बारावा भाग झाला. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे थ्रो दिसल्यावर सुटका करून घेणे अशक्य. तो येणार हे आधीच ताडावे लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. हल्लेखोर अगदी जवळ उभा आहे. तो थ्रो करेल किंवा क्षणभर थांबून फटका मारेल. बचाव करणारा ब्लॉक करेल किंवा थ्रो तोडण्याचा प्रयत्न करेल. ब्लॉक करताना थ्रो बसला, तर नुकसान समजा एक गुण. थ्रो तोडायला जाऊन फटका बसला, तर तीन गुण. इतर दोन शक्यतांत नुकसान नाही. गणित मांडले तर बचाव करणार्‍याने चारपैकी तीनदा ब्लॉकच करावा आणि एकदाच तोडण्याचा प्रयत्न करावा, असे उत्तर येते. म्हणजेच काही थ्रो मुकाट्याने सोसणे हाच उत्तम बचाव! हल्लेखोरासाठीही उत्तर तेच : चारपैकी तीनदा थ्रो, एकदा फटका. फक्त त्यांचा क्रम समोरच्याला ओळखता येऊ नये.

अशा खेळांचा गणिती पाया जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये घातला. दोन्ही बाजू पूर्ण सारख्या असतील, तर अचूक खेळणार्‍याला सरासरीने कुणीही मागे टाकू शकत नाही, असे हे गणित सांगते. पण माणूस यंत्रासारखा अचूक खेळत नाही. दोनदा थ्रो बसला की तो चिडतो, तिसर्‍यांदा तोडायला जातो आणि तिथेच फसतो. मिरर मॅचमध्ये हे हिशेब दोघांनाही सारखेच पाठ असतात. त्यामुळे आधी कोण ढळतो, यावर सामना फिरतो. एकाच तालमीत घडलेल्या दोन मल्लांची कुस्ती जशी डावापेक्षा दमावर आणि संयमावर ठरते, तसेच हे.

दोन्ही बाजू खरेच शंभर टक्के समान असतात का?

प्रत्येक वेळी नाही. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या २००१ मधील गेममध्ये दोघांनी एकाच फ्रेमला एकमेकांना पकडले, तर ज्याचा कंट्रोलर कमी क्रमांकाच्या जोडणीत असेल त्याची पकड ग्राह्य धरली जाते. सामान्य लढतीत ही बाब क्वचित जाणवते. दोघांचे डाव अगदी एकाच वेगाचे असताना मात्र ती बोचते. अट्टल खेळाडू कोणती जोडणी मिळते याबाबत आग्रही असतात, ते उगाच नव्हे.

मग हुर्यो का उडते?

याचे सर्वात गाजलेले उदाहरण २०१८ मधील. लास व्हेगासमध्ये दरवर्षी भरणार्‍या ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या प्रतिष्ठित स्पर्धेत ‘सुपर स्मॅश ब्रदर्स फॉर वी यू’च्या अंतिम फेरीत लिमा आणि कॅप्टन झॅक या टोपणनावांचे खेळाडू समोरासमोर आले. दोघांचीही निवड एकच : बायोनेटा. प्रतिस्पर्ध्याला एकामागून एक फटके देत हवेत उंच नेण्याची क्षमता असलेल्या या पात्रामुळे दोघेही चुकायला घाबरत होते आणि अंतर राखून खेळत होते. सभागृहाने दोघांची हुर्यो उडवली. लिमा विजेता ठरला, पण त्या विजयाची आठवण निघते ती प्रेक्षकांच्या नाराजीसह.

त्या दोघांनी नियम मोडला नव्हता. बायोनेटा फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगळे पैसे मोजून घ्यायचे पात्र म्हणून आली. ती इतकी वरचढ ठरली, की स्पेनमधील स्पर्धकांच्या समुदायाने तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात तिची ताकद थोडी कमी करण्यात आली. त्यानंतर पात्रांचा समतोल साधणारी दुरुस्ती झाली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ जे दुखणे कंपनीने तसेच ठेवले, त्याचा जाब प्रेक्षकांनी मंचावरील दोन तरुणांना विचारला.

असे पुन्हा घडले का?

हो. ‘टेकन ७’मध्ये लीरॉय स्मिथ हे पात्र डिसेंबर २०१९ मध्ये, तेही वेगळ्या किमतीला, दाखल झाले. जेमतेम दीड महिन्यात, जानेवारी २०२० मधील ‘इव्हो जपान’मध्ये अखेरच्या आठ खेळाडूंपैकी सहा जणांच्या हाती लीरॉय होता. थायलंडच्या ‘बुक’ने लीरॉय घेऊनच स्पर्धा जिंकली. त्यानंतर त्या पात्राची ताकद कमी करण्यात आली. म्हणजे दोष होता हे कंपनीने मान्य केले, पण मोठी स्पर्धा होऊन गेल्यावर.

दोन्ही प्रकरणांतील समान धागा लपून राहत नाही. नवे पात्र विकायचे असते, त्यामुळे ते दुबळे असून चालत नाही. स्पर्धकाला जिंकायचे असते, त्यामुळे ते विकत घेतल्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी मिरर मॅच हा खेळाडूंच्या कल्पनाशून्यतेचा पुरावा नसतो. ती थर्मामीटरमधली पार्‍याची रेषा असते. ताप दिसला म्हणून थर्मामीटर फोडण्यात अर्थ नाही.

उपाय काय?

सरसकट बंदी हा शेवटचा पर्याय असावा. १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मधील अकुमा या छुप्या पात्रावर स्पर्धांमध्ये बंदी आली ती योग्यच होती, कारण तो इतरांच्या बरोबरीचा म्हणून घडवलेलाच नव्हता. पण नवे पात्र आले की लगेच ओरड करून ते बाद करण्याची सवय लागली, तर उतारा शोधण्याची खेळाडूंची धडपडच संपेल. त्यापेक्षा नवे पात्र मोठ्या स्पर्धेत येण्याआधी काही महिन्यांची वाट पाहावी, असा नियम आयोजकांना करता येईल. दुरुस्त्यांचे वेळापत्रक कंपन्यांनी आधी जाहीर करावे. आणि पडद्यावर दोघे नुसते मागे-पुढे का करत आहेत, हे समालोचकांनी प्रेक्षकांना उलगडून सांगावे.

भारतासाठीही हा विषय आता परका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’चे पदक होते, त्यात भारतीय खेळाडू उतरले आणि सुवर्ण जिंकले ते दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू यांनी. देशासाठी पदक पणाला लागते, तेव्हा ‘सर्वात बलवान पात्र का निवडले’ असा प्रश्न खेळाडूला विचारता येत नाही. गेमची मालकी एका खासगी कंपनीकडे असते आणि तिच्या एका दुरुस्तीने वर्षभराचा सराव वाया जाऊ शकतो. त्यामुळे समतोलाचा प्रश्न क्रीडा संघटनांनी कंपन्यांपुढे मांडायला हवा.

आणि पुढच्या वेळी दोन सारखे योद्धे समोरासमोर आलेच, तर मोबाइल बाजूला ठेवण्याआधी प्रेक्षकांनी तीन गोष्टी पाहाव्यात : दोघांमधले अंतर कोण ठरवतो, राखून ठेवलेली ताकद आधी कोण खर्च करतो आणि फटका खाल्ल्यावर आपली चाल आधी कोण बदलतो. योद्धे सारखे असले तरी ते खेळवणारी माणसे किती निराळी आहेत, हे तेवढ्यानेही दिसू लागेल.