शेवटचा अंतरा ऐका

भीमजयंती झाली की वस्तीत चर्चा रंगते : यंदा डीजे कुणाचा जोरात वाजला? कोणती गाणी वाजली, हेही पोरं सांगतात. पण ती लिहिली कुणी, असं विचारा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

फैजपूरच्या आमच्या घरात वामनदादा कर्डकांच्या गीतांची एक जुनी कॅसेट आहे. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. १९९१ साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी साजरी झाली, त्या सुमारास वडिलांनी आणलेली. दिवसभर केळीच्या गाड्या भरून आलेली माणसं ओट्यावर बसून ती ऐकत. आम्ही तेव्हा लहान. आम्हाला ढोलकी तेवढी कळायची आणि फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायचं काम आमच्याकडे असायचं.

परवा ती कॅसेट पुन्हा लावली. दोन्ही बाजू सलग ऐकल्या. शेजारी बसलेल्या मुलीने मध्येच विचारलं, "पप्पा, प्रत्येक गाण्याच्या शेवटी हा वामन कोण येतो?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरं शिकले आणि १९४३ साली पहिलं गीत रचलं. पुढे खांद्याला झोळी लावून गावोगाव गात फिरले. २००४ च्या मे महिन्यात ते गेले, पाठोपाठ जूनमध्ये प्रल्हाद शिंदेही गेले. आपल्या गाण्याचे दोन खांब एकाच वर्षी पडले.

गीत तोंडातोंडी गावोगाव जायचं. गाणारे बदलायचे, चालही बदलायची. छापील पुस्तक सगळीकडे पोचणार नाही, हे कवीला ठाऊक. म्हणून तो आपलं नाव शेवटच्या अंतऱ्यातच गुंफून ठेवतो. संतांच्या अभंगात हीच रीत, शाहिरांच्या कवनात आणि कव्वालीतही हीच. ती त्याची सही असते.

पूर्वी तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. कॅसेट आली आणि जलशातलं लांब गाणं घरात ऐकता येऊ लागलं. आज मोबाईलमध्ये जागेला तोटा नाही. तरी रिमिक्सवाला मुखडा घेतो, एखादा अंतरा घेतो, वर ठोके चढवतो आणि शेवट कापतो. शेवटाबरोबर कवीची सहीही कापली जाते.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी विहिरी खोदल्या, रस्ते केले, गिरण्या चालवल्या. त्यांचं नाव कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही. ते दुसऱ्यांनी गाळलं. आपल्या कवीचं नाव मात्र आपल्याच मिरवणुकीत गाळलं जातंय, आणि आपण त्यावर नाचतोय. नाचायला आमची हरकत नाही. जयंती हा आनंदाचाच दिवस आहे.

आमचं सांगणं एवढंच : येत्या रविवारी घरात एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा. मुलांना ते वहीत उतरवायला सांगा आणि खाली कवीचं नाव लिहायला लावा. जयंतीच्या आदल्या रात्री विहारासमोर पेटी-ढोलकीवर एक तरी गीत पूर्ण म्हणा. अक्षरं उशिरा शिकलेल्या माणसाने आपल्यासाठी एवढं लिहून ठेवलं. त्याचं नाव तरी आपल्या पोरांना वाचता आलं पाहिजे.

जयभीम!