मामाच्या गावाला जाणार कशानं?

मे महिना लागला की आपल्याकडच्या पुरवण्यांना मामाचा गाव आठवतो. अंगणातल्या बाजा, आमरसासोबत सरगुंडे, वावरातली विहीर, आणि लेखक दर्यापूर-अंजनगावकडचा असला तर मूर्तिजापूरहून अचलपूरला निघणारी शकुंतला रेल्वे. या लेखांचा सूर बहुधा एकच असतो : माणसांतली माया आटली, मोबाइल आला, शिबिरं आली आणि मामाचा गाव सुटला. हे निदान अर्धवट आहे. वऱ्हाडातल्या मुलांची सुट्टी गावात जात होती, त्यामागे माया होतीच; पण आजी-नातवंडांना कमी पैशात आणि घरातल्या कमावत्या माणसाचा खाडा न होता गावापर्यंत नेणारी वाहतूकही होती. ती मोडत गेली, त्याची नोंद मात्र आठवणींच्या लेखांत क्वचितच सापडते.

शकुंतला काही मुलांच्या हौसेसाठी धावली नाही. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं विसाव्या शतकाच्या आरंभी हा नॅरोगेज मार्ग घातला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि पुढे मँचेस्टरकडे जावा म्हणून. एक फाटा मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत वापरलं. अचलपूरचे ७६ किलोमीटर कापायला तिला चारेक तास लागत, यावर विनोद पुष्कळ झाले. पण पूर्णेच्या खोऱ्यात पावसाचे दोन सडाके पडले की काळ्या मातीत बंडीचं चाकही रुततं. अशा मुलखात हळू चालणारी, तरी चालणारी गाडी म्हणजे काय, हे त्या विनोदांना कधी कळलं नाही. मराठी बालगीतातली मुलं आगीनगाडीनं मामाकडे निघतात. दर्यापूरच्या पोरांना त्यात कल्पनेचं काही वाटलं नसेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : आता दारोदारी मोटरसायकल आहे, रस्ते डांबरी झालेत, रेल्वे हवी कशाला? मोटरसायकलनं अंतर कमी केलं हे खरं, पण मुक्कामही कमी केला. तिच्यावर सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असतं. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत दोन मुलं आणि आजी तिच्यावर बसवून ४० किलोमीटर नेता येत नाहीत. शिवाय चालवणारा पुरुष रिकामा असावा लागतो. बाईनं लेकरं घेऊन आपल्या मनानं माहेरी जावं, ही मुभा सार्वजनिक गाडीच देते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. योजना चांगली, पण फाट्यावर बसच थांबत नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मामाच्या गावाच्या सगळ्या आठवणी पाहुण्या पोरांच्या असतात, मामीच्या नसतात. कुरडया-पापडांचे दिवस, त्यात घरात दहा-बारा जास्तीची तोंडं, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, आणि खारपाणपट्ट्यात पिण्याच्या पाण्याची वेगळी रड. ती सुट्टी बाईच्या कष्टावर उभी होती आणि ती जशीच्या तशी परत यावी असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण गाडी सुरू असावी या मागणीत जुन्या घराची शिस्त परत आणणं अध्याहृत नाही. उलट मामीलाही चार दिवस तिच्या माहेरी निघता यावं, यासाठी तीच गाडी लागते.

राहिला तोट्याचा मुद्दा. गावंच रिकामी होताहेत, मग रिकाम्या गाड्या पळवायच्या कशाला? अकोला-अकोट मार्गाचं उदाहरण ताजं आहे. मीटरगेज गाडी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली आणि लोक रस्त्याच्या हवाली झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा जुना पूल धोक्याचा ठरून बंद केला, तेव्हा अकोट तालुका लांबच्या वळशात सापडला. त्यानंतर नोव्हेंबरात ब्रॉडगेजची गाडी धावली. जवळपास सहा वर्षं जी गाडी कुणाच्या निकडीची नव्हती, ती पूल तडकताच निकडीची झाली. परदेशातला दाखला हवा असेल तर वेल्समधलं कोळशा-पोलादाचं एब्बू व्हेल पाहावं. तिथली प्रवासी गाडी १९६२ साली थांबली, २००२ मध्ये पोलादाचा कारखानाही मिटला. गाव उठणारच अशी लक्षणं असताना २००८ मध्ये कार्डिफची गाडी पुन्हा सोडली, आणि प्रवासी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले. कारखाना परतला नाही. पण खोऱ्यात राहून शहरात कामाला जाण्याची वाट खुली झाली.

शकुंतलेच्या रुंदीकरणाची घोषणा २०१६ मध्ये झाली. त्यानंतर गाडी थांबली, रूळ झुडपांत गेले. आता कुणाला ती वारसा म्हणून, पर्यटकांची खेळण्यातली गाडी म्हणून हवी आहे. व्हायचं तर होवो, पण अंजनगावच्या माणसाला मूर्तिजापुरात मुंबई-हावडा मार्गाची गाडी गाठून देणारं वेळापत्रक त्याआधी हवं. ब्रॉडगेज व्हायला वर्षं जातील. एसटीला तेवढी सबब नाही. आज शाळा सुटल्या की खेड्यांच्या शालेय फेऱ्या बंद होतात आणि गाड्या लांब पल्ल्याच्या उन्हाळी गर्दीला लागतात. म्हणजे ज्या महिन्यात पोरं गावाकडे निघायची, नेमकी त्याच महिन्यात गावाची गाडी काढून घेतली जाते. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर आगारांनी मे महिन्यात निदान संध्याकाळची मुक्कामी गाडी तरी कायम ठेवावी. त्यासाठी ना नवा रूळ लागतो, ना केंद्राची मंजुरी.