खुंटा, दावे आणि खमिराची पेशी

होटगीच्या शिवारात कोणत्याही गोठ्यात डोकवा. जमिनीत खुंटा, खुंट्याला दावे, दाव्याला बैल. आपल्या शरीरातील पेशींच्या अंगावरही अशीच दावण असते, असे सांगितले तर घरची म्हातारी माणसे हसतील. पण ते खरे आहे. पेशीचे कातडे तेलातुपाच्या जातीच्या स्निग्ध पदार्थाचे. त्यात रुतणारा खुंटाही स्निग्धच. त्याला जोडलेली शर्करेची साखळी हे दावे, आणि टोकाला बांधलेले प्रथिन हा बैल. शास्त्रज्ञ या खुंट्यादाव्याला ‘जीपीआय’ म्हणतात. माणसात दीडशेच्या आसपास प्रथिने अशी बांधलेली असतात.

हे दावे वळणारे कारागीर म्हणजे विकरे, अर्थात एन्झाइम. त्यांना हुडकायला संशोधकांनी खमीर हाताशी धरले. पाव फुगवणारे, मळीपासून अल्कोहोल करणारे, तेच. वाढते झपाट्याने आणि खर्च बेताचा. अडचण एवढीच, की दाव्यावाचून खमीर जगत नाही. मग विकर बिघडवून पाहायचे कसे? त्यावर युक्ती निघाली. २५ अंशांना धडधाकट राहणारे, पण ३७ अंशांना विकर निकामी होणारे वाण निवडायचे. (होटगीच्या वैशाखात त्यांचा निभाव लागला नसता!) अमेरिकेत पीटर ऑर्लियन यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात अशी वाणे शोधली. दाव्याची पहिली गाठ मारायलाच सहा प्रथिनांची टोळी लागते, हे पुढे अनेकांच्या कामातून उलगडले. दुसऱ्या पायरीचे खमिराचे जनुक १९९९ साली सस्तन प्राण्याच्या बिघडलेल्या पेशीत घातले, तर तिथे दावी पुन्हा तयार होऊ लागली! खमीर आणि आपण इतके जवळचे.

याचा आपल्याशी संबंध काय, असे वाचक विचारतील. पहिल्या गाठीचे माणसातले एक जनुक रक्त तयार करणाऱ्या पेशीत बिघडले, तर तांबड्या पेशींवरची राखणदार प्रथिने बांधलीच जात नाहीत आणि शरीर आपल्याच तांबड्या पेशी फोडते. सकाळची लघवी कोऱ्या चहासारखी होते, माणूस पांढराफटक पडतो. हे जनुक जपानमधील ओसाका येथे १९९३ साली सापडले. आजार विरळा आहे आणि आईबापांकडून येत नाही. काळसर लघवीची कारणे इतरही आहेत, कावीळ हे त्यांतलेच. पण उन्हाळी लागली म्हणून धण्याजिऱ्याचे पाणी पीत दिवस काढू नयेत, रक्त आणि लघवी तपासून घ्यावी.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्नेहा सुधा कोमथ आणि त्यांचे विद्यार्थी खमिराच्या एका रोगट भाऊबंदाची, कॅन्डिडाची, हीच पहिली गाठ तपासत आले आहेत. तान्ह्या मुलांच्या जिभेवर पांढरे चट्टे उठवणारी ती हीच.

आणि जनावरांतला सर्रा? माशीच्या चाव्यातून रक्तात शिरणारा त्याचा जंतू प्रथिनांची घोंगडी पांघरून वावरतो. त्या घोंगडीचा धागा न् धागा अशाच दाव्याने बांधलेला असतो. जंतूचे दावे तोडायचे आणि जनावराचे शाबूत ठेवायचे, असे औषध शोधणाऱ्यांपुढचा पेच तो हाच.