काळी एकचा भूप
पिशोरच्या एखाद्या भजनी मंडळात पेटीवाल्याला षड्जासाठी ‘काळी एक’ एवढं सांगितलं की काम भागतं. संगणकाला मात्र तोच षड्ज ६१ या आकड्याने सांगावा लागतो, कारण मिडी या संगणकी स्वरसंकेताच्या हिशेबात मधली पांढरी एक म्हणजे ६०. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या लिस्प या संगणकीय भाषेत भूप राग लिहायचा तर कंसात पाच आकडे पुरतात: ०, २, ४, ७, ९. प्रत्येकात ६१ मिळवा, सा रे ग प ध तयार. ६३ मिळवलेत तर तोच भूप काळी दोनमध्ये. यादी उलटी फिरवली की अवरोह. हे एकेका आज्ञेचं काम. कंसांचा सुकाळ तेवढा सोसायचा. खरा पेच पुढेच आहे. देशकार रागाचेही स्वर नेमके हेच! भूपाचा वादी, म्हणजे प्रमुख स्वर, गंधार, देशकाराचा धैवत, आणि यादीत हा फरक औषधालाही सापडत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला मुक्काम जोडायचा: भूपात गंधारावर दोन मात्रा रेंगाळायचं, धैवतावरून अर्ध्यात निघायचं. एवढं करूनही हा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढाच. पेटीचंही तसंच; असल्याच तक्रारींवरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ पर्यंत. संगणकाला निदान पिच बेंडचा संदेश धाडून गंधार उतरवता येतो, ओबडधोबड का होईना मींडही काढता येते. पेटीवाल्याला ती सोय नाही.