थर्मोस्टॅट काढून टाकू नका

माझे दोन माजी विद्यार्थी सध्या एक जुनी जीप दुरुस्त करीत आहेत. तिने लेहला जायचा त्यांचा बेत आहे. तिथल्या थंडीसाठी त्यांनी जीपमध्ये हीटर बसवला, हे योग्यच झाले. पण गॅरेजमधील कोणाच्या तरी सल्ल्यावरून इंजिनातला थर्मोस्टॅट मात्र काढून टाकला. "सर, आता घाटात इंजिन तापणार नाही!" असे ते मोठ्या उत्साहाने सांगू लागले. हा सल्ला तुम्हीही कधीतरी ऐकाल. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची एक झडप. तिच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ८२ अंश सेल्सिअसला पोचले की मेण वितळते, प्रसरण पावते आणि झडप उघडू लागते. तोवर पाणी इंजिनातच फिरते व लवकर तापते. आता विचार करा : घाटात पाणी १०० अंशांवर गेले, तेव्हा ही झडप पूर्ण उघडलेलीच असते. मग ती काढून मिळवले काय? बिघडून बंदच राहत असेल, तर नवी बसवावी.

तोटा मात्र नक्की. थंड हवेत इंजिन नीट तापत नाही. पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळते, तेल पातळ होते आणि झीज वाढते. शिवाय हीटर म्हणजे तरी काय? एक छोटा रेडिएटरच! पाणी कोमट, तर वाराही कोमट. हीटरची नळी झडपेच्या अलीकडून घ्यावी आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जोडावी; म्हणजे झडप बंद असतानाही त्याला गरम पाणी मिळते. (घाटात इंजिन फारच तापले, तर हाच हीटर पूर्ण चालू करा. तुम्हाला घाम फुटेल, पण इंजिनाची तेवढी उष्णता कमी होईल.)

खरी काळजी हवी ती रेडिएटरच्या टोपणाची. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. टोपणाने बाहेरच्यापेक्षा ०.९ वातावरण इतका जादा दाब धरला, तर हाच उत्कलनबिंदू तिथे ११२ अंशांपर्यंत चढतो. रबर तडकले की दाब गेला, आणि पाण्याच्या जागी वाफ झाली की धातूची उष्णता नेणार कोण? गरम इंजिनाचे टोपण मात्र कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

काढलेली झडप आम्ही प्रयोगशाळेत पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने टांगली, शेजारी तापमापक ठेवला आणि पाणी तापवले. ८३ अंशांना ती अगदी शहाण्यासारखी उघडू लागली. मग टोपण पाहिले. त्याच्या रबराला दोन ठिकाणी चिरा होत्या. दोघे आता नवे टोपण आणायला गेले आहेत. झडप माझ्या टेबलावर त्यांची वाट पाहत आहे.